ताटातला मासा उलटला

फान री,
१४ मे १९९८

चि. न्यान हिला थोआताईचे आशीर्वाद. वि. वि.

काल घरी पोचले. तापामुळे तू जेवायला आली नाहीस ते एका परीनं बरंच झालं. शी!

तुझ्याकडे राहणाऱ्या माझ्या दियेपसाठी तू शोधलेल्या त्या लामच्या वडिलांनी केवढ्या थाटाच्या हॉटेलात नेलं! दारातच काचेच्या टाक्या, त्यात अर्धमेले मासे आणि पाण्याला कुबट वास. त्यातली एक शेवंड निवडली आणि तिचं रक्त दारूत घालून प्याले. इकडे तिच्या मिशा हलतायत, तिकडे ह्या लोकांचं ‘एक, दोन, तीन’ करून पेल्यावर पेला आपटणं चाललंय. मला ओकारी आवरेना. मिठात मुरवलेल्या माशांचं पाणी म्हणून वाटीत जे दिलं ते नुसतं साखरेचं. मी आपल्या रांजणातलं मुरलेलं बाटलीभर नेलं होतं, तर दियेपनं बाटली हातातून काढून टेबलाखाली सरकवली. वास येतो म्हणाली.

तेही गिळलं. मग अख्खा वाफवलेला मासा आला. वरची बाजू संपली. ताटात मासा उलटला की दर्यात होडी उलटते, खालचं खायचं तर मधला काटा उचलायचा, हे त्या शहरी व्याह्यांना काय ठाऊक? ते म्हणाले, सूनबाई, उलटा की! आणि आपल्या पोरीनं, होडीवाल्याच्या पोरीनं, हसत हसत उलटला गं! तिचा बाप माखल्या धरायला दर्यात गेलेला असताना! मी उठले ती थेट बसमध्ये जाऊन बसले. मला त्या लग्नात रस नाही, आणि तूर्त त्या पोरीतही नाही.

औषध वेळेवर घे. माया आहे तशीच आहे, आज फक्त ती लिहायला जमत नाही.

तुझी,
थोआताई

साइगॉन,
१८ मे १९९८

ती. थोआताईस न्यानचा सा. न. वि. वि.

भरल्या ताटावरून उठून बस गाठणारी विहीण मी तरी पहिल्यांदाच ऐकली! तुझं पोट बिघडलं असेल म्हणून व्याही बिचारे आल्याचा चहा हातात घेऊन तुला रस्त्यावर शोधत होते. माणसं वाईट नाहीत गं.

वाईट आहे ते पुढेच. दियेपनं माझ्या पाठीमागे त्यांना सांगितलंय की तिच्या बाबांचा बर्फाचा कारखाना आहे. म्हणून बाटली लपवली, म्हणून मासा उलटला. नको म्हटलं असतं तर का नको, तेही सांगावं लागलं असतं. ऐकून मलाच तिची किळस आली. चांगली खडसावली.

तेव्हापासून ती जेवायला बसत नाही. रेडिओवर वाऱ्याची बातमी लागली की हातातलं टाकून उभी राहते. भावजींची होडी किनाऱ्याला लागली का, हे मला विचारायला लावते. स्वतः लिहायचं तोंड नाही तिला.

तुझा लोभ त्या रांजणातल्यासारखा मुरत राहो, एवढंच मागणं.

तुझी,
न्यान

फान री,
२५ मे १९९८

चि. दियेप हिस,

आशीर्वाद सध्या एकच. बाकीचे समक्ष.

तुझे बाबा आले. इंजिन बंद पडून भरकटले होते, दुसऱ्या होडीनं ओढून आणलं. ते येईस्तोवर देवमाशाच्या देवळात उदबत्त्या लावून लावून माझी बोटं पोळली.

मासा उलटल्याचं त्यांना मी सांगितलं नाही. बर्फाच्या कारखान्याचं मात्र सांगितलं. ते रागावले नाहीत. आपल्याच हातांचा वास घेतला, मग साबण मागितला. बराच वेळ न्हाणीत हात घासत होते. त्या हॉटेलात आली नव्हती एवढी शिसारी मला तेव्हा आली, आणि ती तुझी आली.

आता ऐक. येत्या रविवारी लामला आणि त्याच्या आईवडिलांना इकडे घेऊन ये. बाबा कोण आहेत ते तू वाटेतच सांगायचंस. ऐकून ते परतले तर तू एकटी ये, पण ये. अख्खा मासा मी शिजवीन. आपली बाटली मध्यभागी असेल. वरची बाजू संपली की ताट तुझ्यापुढे सरकवीन. बाबा तुझ्या समोरच बसलेले असतील.

काटा कसा उचलायचा ते त्यांनीच तुला शिकवलं होतं.

तुझी वाट बघणारी,
आई