जित्या माणसाचा टाक

सोलापूर,
८ मार्च २०२४

आदरणीय प्रदीपकाका,
सविनय जयभीम.

तुमचा गुडघा कसा आहे? काकूला सांगा, नवी पेठेतून साडी घेतली. रंग पसंत पडला नाही तर मी नेसेन.

फोन उचलले नाहीत म्हणून रागावला असाल. फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही, म्हणून हे पत्र.

पुढच्या रविवारी मंद्रूपला धोंडिरामबाबांच्या शिळेचं अनावरण. भीमेपलीकडून पोट भरायला आलेलं आपलं घर. त्यांनी पहिल्या महायुद्धात तिकडे इराकात, बसऱ्याला जीव दिला तेव्हा कुठे गावाने आपल्याला माणसांत घेतलं, हे ऐकत मी वाढले. ते गेल्याची बातमी आली आणि त्यांच्या बायकोचा, पारूआजीचा, पाट धाकट्या दिराशी, सिद्धनाथबाबांशी, लागला. आपण सगळी त्या दोघांची लेकरं.

स्टेजवर वाचायला लष्कराचा कागद आण, म्हणालात. तो केव्हाच आलाय. पर्समध्ये घेऊन फिरतेय.

काका, त्यात मरणाची नोंद नाही. ते तुर्कांच्या कैदेत होते. युद्ध संपल्यावर मुंबईत सुटले आणि त्यांना आपल्या गावाजवळच्या होटगी स्टेशनपर्यंतचा रेल्वेपास मिळाला. त्याच महिन्यात पुन्हा मुंबईतूनच बसऱ्याच्या रेल्वेकामावर भरती झाले. तिथून परतल्याचं काही नाही.

तुम्हाला न सांगता बजाआजीकडे गेले. तुमची आत्या, सिद्धनाथबाबांची लेक; तुमच्यासमोर तिने तोंड उघडलं नसतं. आधी म्हणाली, "कुटली होटगी? मला काय ठावं न्हाय." मग पदर चाळवत बसली आणि एकदम रडायलाच लागली. "आला हुता की गं! माझ्या बानं मरताना सांगितलं. थोरला भाऊ होटगीला उतरला, बा सामोरा गेला. म्हणला, पारू आता माझी हाय, प्वाटुशी हाय, तू माघारी जा. त्यो घोटभर पानीसुदिक न पिता गेला. आईला कवाच कळू दिलं न्हाय. जित्या माणसाचा टाक पुजला आमी!"

त्या पोटातलं लेकरू म्हणजे तुमचे वडील.

तो चांदीचा टाक तुमच्याच कपाटात आहे. गेलेल्या माणसाचा म्हणून देव्हाऱ्यात बसवलेला. धर्मांतराच्या वेळी घरातले देव भीमेत सोडले, तेव्हा पारूआजीने एवढाच मुठीत धरून ठेवला. "ह्यो देव न्हाय, माजा माणूस हाय." हा किस्सा तुम्ही हसत सांगता. मला आता हसू येत नाही.

तुम्ही म्हणाल, झाकली मूठ सव्वा लाखाची. हार ठरलेत, पाहुणे ठरलेत, तुमची मान खाली जाईल. माझीही जाईल. सिद्धनाथबाबांचा मला भयंकर राग येतो, आणि त्यांनी तसं केलं नसतं तर चिडायला मी जन्मलेच नसते, हेही कळतं.

पण "वीरमरण" मी वाचणार नाही. कोरणाऱ्याला आजच थांबवा. एवढंच कोरू द्या: धोंडिराम. होटगीपर्यंत आले.

ते जमणार नसेल तर माझी वाट बघू नका. रविवारी बजाआजी आणि मी होटगी स्टेशनवर असू. तिला तिथे तांब्याभर पाणी ठेवायचंय.

आलेल्याच्या आणि त्याला माघारी धाडणाऱ्याच्या, एकाच घरातली,
धम्मप्रिया