खाणावळीच्या लायसनसाठी आणलेला कागद

माय, वारंगा फाट्यावरची आपली खाणावळ लायसनावाचून बंद पडायची वेळ आली होती, ते साल आज फार आठवतंय. नव्वदीतलीच गोष्ट. अन्न निरीक्षक आला, पाण्याचा रांजण उघडून पाहिला आणि म्हणाला, "स्वयंपाक करणाऱ्यांचं डॉक्टरी सर्टिफिकेट लागेल. पंधरा दिवसांत आणा." मी बारावी झालेली, कागदपत्रं माझ्याकडेच. न तपासता सही देणारा एक डॉक्टर मी शोधला आणि सर्टिफिकेट तुझ्यापुढं ठेवलं. तू परातीतून हात काढलास. "मला पाह्यलं न्हाई, अन् मी बरी हाय हे त्याला कसं कळलं?" मी म्हणाले, "समदेच असं आणतात." "लोकं माझ्या हातचं खातात, त्याच्या सहीचं न्हाई." आणि तो कागद तू चुलीत घातलास.

मग कळमनुरीच्या सरकारी दवाखान्यात जाऊन तू रक्त दिलंस. त्याआधी आठ दिवस तुझ्या अंगात कणकण होती. तू म्हणायचीस, ऊन लागलं. सोमवारी रिपोर्ट आणायला मी एकटीच गेले. टायफॉइड निघाला. "बरं होईपर्यंत त्यांना स्वयंपाकाला हात लावू देऊ नका," कंपाउंडरनं बजावलं. दुसऱ्या दिवशी लग्नाच्या वऱ्हाडाचं जेवण आपल्याकडं होतं. जीपमध्ये मी रिपोर्टची घडी करून ब्लाऊजमध्ये खोचली. खाणावळीत पोचले तशी तू विचारलंस, "आला का कागद?" "बुधवारी या म्हणाले."

मंगळवारी तू कणीक मळतेयस आणि मी तुझ्या हातांकडं बघत उभी आहे. घटकेघटकेला साबण पुढं करतेय. "काहून गं इतके हात धुवायला लावून राहिली?" तू हसतेस. मला हसता येत नाही.

बुधवारी मी रिपोर्ट वाचून दाखवला. तुला वाचता येत नव्हतं, तारीख मी गाळली. तू त्याच क्षणी चूल विझवलीस. पुढं पंधरवड्यानं, तुझ्या शेजारी बसून भाकरी थापणारी तांड्यावरची बाई तापानं पडली. तिलाही टायफॉइडच. तू स्वतः नुकती आजारातून उठलेली, तरी नांदेडच्या दवाखान्यात तिच्या उशाशी बसलीस. ती वाचली, तू बरी झाल्याचा रिपोर्ट दिल्यावर आपल्याला लायसनही मिळालं. पण तू शेवटपर्यंत म्हणत राहिलीस, "माझ्या हातानं झालं तिला." मी म्हणायचे, "तुला कुठं ठाऊक होतं?" तुला ठाऊक नव्हतं, हे खरंच होतं.

आता मी तुझ्या तेव्हाच्या वयाची झालेय. हे लिहिलेलं कुणाला दाखवणार नाही. तरी एक राहिलंच. सोमवारी संध्याकाळपासून तू चूल विझवेपर्यंत, पोट बिघडलंय असं सांगून, मी तुझ्या हातचा एक घासही खाल्ला नव्हता.