फुलीशेजारचं टिंब

अकोला,
ता. १२ डिसेंबर १९३५

तीर्थस्वरूप दादा,

धाकट्या वामनचा साष्टांग नमस्कार. वहिनींनाही सांगावा. इकडे आम्ही सर्व खुशाल. वलगावहून पाठवलेल्या संत्र्यांच्या दोन्ही टोपल्या काल पोचल्या. मालधक्क्यावर पन्नासएक टोपल्या पडल्या होत्या, पण आपल्या मला लांबूनच ओळखू आल्या. गोणपाटावर तुमची ती फुली आणि फुलीशेजारी टिंब! तसं टिंब अख्ख्या वऱ्हाडात दुसरं कोणी देत नाही. वच्छलेने पोरांआधी स्वतःच दोन संत्री खाल्ली, हे तिने लिहू नका म्हटलं म्हणून लिहितो.

विद्यापीठाच्या सभेची हकीकत ऐकायला तुम्ही उतावीळ असाल. तुमची शाळा चौथीत सुटली, आणि तुम्ही दमणीला बैल जुंपून वलगाव ते अचलपूर पदवीधरांची दारं पुजलीत, म्हणून हा शाळामास्तर सभासद होऊन नागपूरला गेला.

दादा, काय सभा ती! एका बाकावर प्राध्यापक, दुसऱ्यावर सरकारने नेमलेले बडे लोक, आणि मधे आमच्यासारखे, पदवीधरांनी निवडून दिलेले. कुलगुरूंनी ठराव मांडला की परीक्षेचे अर्ज नोव्हेंबरातच घ्यावेत. मला वाटलं, झालं, आता कोण बोलणार? तर अचलपूरचे एक हेडमास्तर उठले. इंग्रजी अडखळत होतं, पण म्हणाले, नोव्हेंबरात आमच्या मुलांचे हात कपाशीत असतात, अर्ज कुठल्या हाताने भरतील? संस्कृतच्या प्राध्यापकांनी त्यांना पाठिंबा दिला. हात वर झाले, मोजले गेले, आणि कुलगुरूंचा ठराव पडला. ते घोटभर पाणी प्याले आणि शांतपणे म्हणाले, "ठराव नामंजूर. लिहून घ्या." एवढा मोठा माणूस, आणि मोजलेल्या हातांपुढे नमला!

इथेच पत्र संपवावं असं फार वाटतं. दोनदा संपवलंही, आणि दोन्ही कागद फाडले.

मतमोजणीच्या दिवशी उमेदवार म्हणून मी टेबलाशी उभा होतो. टपालाने आलेल्या मतपत्रिका एकेक उलगडत होत्या. माझ्या नावापुढे फुली, आणि फुलीशेजारी टिंब. मग पुन्हा तसंच. अकरा मतपत्रिका, दादा. मोजणाऱ्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. मी नऊ मतांनी निवडून आलो. हार घालून घेतला, पेढे वाटले, आणि तोंड मिटून बसलो.

त्या अकरा जणांनी तुम्हाला काय म्हटलं असेल ते मला इथे बसून ऐकू येतं. "खुशालभाऊ, कागद भराले कुठं येळ हाये आमाले? वामनलेच द्याचं हाये ना, मंग तूच टाक फुली." आणि तुम्ही टाकलीत. सह्या त्यांच्या, माणसंही खरी, मनही खरं. पण मत ज्याचं त्याने स्वतःच्या हाताने भरायचं असतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही. मीही नाही. ती चूक माझी.

त्या सभेत बसवेना, दादा. ज्या हातांना कुलगुरू मान देतात, त्या हातांत माझा हात कुठल्या तोंडाने वर करू? मी उठलो आणि सगळं सांगितलं.

कुलगुरू म्हणाले, "हे माझ्या एकट्याच्या अखत्यारीतलं नाही." तिघांची समिती नेमली. माझं म्हणणं ऐकून घेतल्यावर त्यांनी मला बाहेर पाठवलं; ज्याची गोष्ट, त्याने निकालाला बसायचं नाही. दुसऱ्या दिवशी निकाल वाचला. जागा रिकामी झाली, मतदान पुन्हा होईल, मला पुन्हा उभं राहता येईल.

परत येताना बडनेऱ्याला गाडी थांबली, तर फलाटावर केशवराव वकील, नऊ मतांनी पडलेले. त्यांना तार गेली होती. मी मान खाली घातली. खिडकीशी येऊन म्हणाले, "मास्तर, पुन्हा उभे राहा. मले पाडाचं असंन तं त्या अकरा जणाईच्या हातानं पाडा." असा माणूस माझ्याविरुद्ध होता, याचाही मला अभिमान वाटला.

आता शेवटचं. समितीने विचारलं, फुल्या कोणी टाकल्या? मी सांगितलं, खुशालराव, माझे थोरले बंधू, ज्यांनी मला शिकवलं. ते नाव आता कागदोपत्री आहे. शिक्षा नाही, पण नाव आहे. तुम्ही माझं पाटीदप्तर विकत आणलंत, आणि मी तुमचं नाव तिथे नेऊन ठेवलं. रागवा, बोलणं टाका, पण हे दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून लिहिलं.

नव्या मतपत्रिका पंधरा दिवसांत येतील. ते अकरा जण पुन्हा तुमच्याकडेच येतील. त्यांना एवढंच सांगा, की आपल्या हाताने भरा, केशवरावांना द्यायचं तर त्यांनाही द्या. हे तुमच्याखेरीज त्यांना कोणी सांगू शकणार नाही.

बोलणं टाकलंत, तरी टोपली पाठवत जा. टिंब पाहिलं की मला कळेल.

आज कोणाचाच प्रतिनिधी नसलेला, पण तुमचाच धाकटा,
वामन