डोकेदुखीच्या गोळ्या

तळेगाव, १९५४

डाक्टरसाहेब, मनकर्णाबाईचा रामराम.

तुमच्या डोकेदुखीच्या गोळ्या मोठ्या गुणाच्या निघाल्या. माह्या सुनेचं, देवकाचं, डोकं मरेपर्यंत दुखलं नाई. गाठ तिच्या छातीत होती.

बाईमाणसाले दवाखान्यात कोण नेते? दुखणं सांगाले नवराच आलता. चार माणसांत तो शब्द काढायची माह्या रूपरावले लाज वाटली, म्हणून 'डोकं दुखते' म्हणाला. स्वतःच्या मांडीवर गळू झालं तेव्हा मात्र तुमच्यासमोर धोतर सोडून उभा होता.

हे पत्र देवकाची पोरगी लिहून राह्यली. 'छाती' आली अन् तिची लेखणी थांबली.

"आजी, नुसतं 'आंगात' लिहू का?"

"छातीतच लिही, कांता. अन् मोठ्यानं वाच."

तिनं वाचलं. बाप ओसरीवर बसला होता, त्यानं ऐकलं.

आता पत्र धाडायचं काम उरलं नाई.

देवकाची सासू