पूजेत बसलेला खंड

पोशीर, मार्च १९४६

मूळ ग्रंथ न मिळाल्यामुळे खोळंबलेल्या तमाम संशोधकांनो,

(म्हणजे जया, तू. आपल्या घराण्यात तसं दुसरं कुणी नाही, पण सभेला हाक घातल्याखेरीज माझी लेखणी हलत नाही.) ज्याला वाचायचं आहे त्याच्या हाती ग्रंथ नाही आणि ज्याच्या घरी ग्रंथ आहे तिथे वाचणारा नाही, हे आपणा सर्वांचं दुखणं. ते मी परवा स्वतः जाऊन पाहून आलो.

तर चि. जयाला मामाचा आशीर्वाद. इकडे सगळं क्षेम. तुझा खोकला गेला का, हे तुझ्या आईने तीनदा विचारायला सांगितलं आहे. मी एकदाच लिहितो, तू तीनदा उत्तर दे.

तुझं पत्र पोचलं. स्फटिकातून प्रकाश कसा विखुरतो हे मला कळलं नाही, पण अडचण कळली. त्या जर्मन लेखाचा दाखला तू दुसऱ्याच्या पुस्तकातून उचललास, आणि तुझे सर म्हणतात, मूळ लेख डोळ्यांनी पाहा, नाहीतर तिसरं प्रकरण गाळा. (आम्ही वक्ते "कुण्या थोर पुरुषाने म्हटलेच आहे" असं ठोकून देतो. तो पुरुष कोण, हे आजवर कुणी विचारलं नाही. तुझे सर माझ्या सभेला येत नाहीत ते बरं.) लढाईत बॉम्बच्या धास्तीने तुमच्या ग्रंथालयाची खोकी मुंबईबाहेर गेली, ती परतली, पण नेमका तो लेख असलेला खंड परतला नाही. आणि प्रबंध तर या महिनाअखेर द्यायचा. तो खंड असायची उरली एकच जागा: कर्जतजवळच्या दहिवलीचे प्रोफेसर. ते गेल्या नवरात्रात वारले. घरी त्यांच्या पत्नी आनंदीबाई एकट्याच असतात.

निघताना तुझी आई म्हणाली, "दादा, तिथं भासन नको करू रं. पुस्तक माग नि ये." मी अर्थातच भाषण तयार करून गेलो.

खंड तिथे होता. माजघरात चौरंगावर, रेशमी वस्त्राखाली, वर ताजं फूल. प्रोफेसरांनी नवमीला आपले जर्मन खंड सरस्वतीपूजनाला मांडले आणि दसरा उजाडायच्या आत ते गेले. सुतकात पूजा कुणी हलवली नाही, नंतर हलवणारं कुणी उरलं नाही. पूजेतलं पुस्तक उघडायचं नसतं, हे तुला ठाऊक आहे. लहानपणी अभ्यास चुकवायला तूही अंकगणित सर्वांत आधी पूजेत सारायचीस. पण तिथे ती पूजा पाच महिने बसली आहे, आणि बाई रोज फूल बदलतात.

मी सुरू झालो. या देशात ज्ञानाला फुलं वाहतात, पण उघडून पाहत नाहीत, इथपासून ते हजार वर्षांच्या गुलामगिरीपर्यंत आलो. बाई शांतपणे शेंगा सोलत होत्या. मी श्वास घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाल्या, "घसा सुकला असेल. चहा टाकते."

त्या आत गेल्या. चौरंग हातभर अंतरावर. वस्त्र उचलायचं, पान टिपायचं, वस्त्र सोडायचं. माझा देवावर विश्वास नाही, पापावर तर मुळीच नाही. तरी हात पुढे होईना. चोरून आणलेल्या दाखल्याची तळटीप तू कशी लिहिली असतीस?

चहा पिताना बाई म्हणाल्या, "उघडायला माझी ना नाही हो. अक्षता टाकून कुणी पूजा हलवावी, एवढंच. आणि हलवली की त्यातल्याच चार ओळी मोठ्याने वाचायच्या, ही आमच्या घरची रीत."

ज्याने व्यासपीठांवरून सगळ्या पूजा मोडीत काढल्या, तो मी विहिरीवर अंघोळ करून, प्रोफेसरांचं गुडघ्यापर्यंत येणारं सोवळं नेसून उभा राहिलो. (हे आईला सांगू नकोस. तिला कुठूनतरी कळलंच आहे, पण माझ्या पत्रातून नको.) अक्षता मुठीत घेतल्या. बाईंनी विचारलं, "जर्मन वाचता येतं ना?" म्हटलं, न यायला काय झालं. वस्त्राखालून एका खंडाची पाठ डोकावत होती. तिच्यावरचं लांबलचक नाव मी खड्या आवाजात वाचलं.

बाई हसल्या. मग पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "ते हळू वाचायचे. मी निजले असेन तर उठू नये, असं. तुम्ही मतं मागितल्यासारखं वाचलंत."

मी अक्षता वाटीत परत ठेवल्या.

तुझा,
येसाजीमामा

ता. क. माझी भाची जर्मन शिकली आहे आणि ती येऊन वाचेल, असं मी बाईंना तुला न विचारताच सांगून बसलो. तू लेखासाठी येतेस असं तुला वाटू दे. मला आता त्या खंडापेक्षा त्या बाईंचीच काळजी अधिक आहे.

दुसरा ता. क. त्यांना अर्थ सांगायला जाऊ नकोस. म्हणाल्या, "पंचवीस वर्षं ऐकलं, एक शब्द कळला नाही, पण घर भरलेलं असायचं." नुसतं वाच. चारच्या चाळीस ओळी झाल्या तरी चालतील. तुझं पान मग सापडेलच.

तिसरा आणि शेवटचा. रविवारी सकाळच्या गाडीने कर्जतला उतर.