बिनपॉलिशची खोली

३ फेब्रुवारी, मंगळवार
खाली दगड आहे! सकाळपासून मागची खोली खरवडतोय. लाकडासारखं दिसणारं ते प्लॅस्टिक लग्नानंतर मीच जमिनीला चिकटवलं होतं, आणि असं चिकटवलं होतं की निघता निघेना. स्वतःच्याच कामावर चिडायची वेळ पहिल्यांदाच आली. त्याच्याखाली करड्या फरश्या — एक दुसरीसारखी नाही. अनवाणी चालून बघितलं. मग परत एकदा.

चार आठवड्यांची रजा काढलीय. मालक म्हणाले, "सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मागतोयस, जग फिरायला निघालास की काय?" म्हटलं, नाही, एकाच खोलीत फिरणार आहे.

४ फेब्रुवारी
हिला बहिणीकडे जाऊन साडेतीन महिने झाले. भांडण नाही, तंटा नाही. श्वास! घरात आली की खोकला, मग छातीत शिट्टी वाजायला लागते. डॉक्टर म्हणाले, रंग, पॉलिश, प्लायवूड, चिकटवायची रसायनं — सगळ्यांपासून लांब ठेवा. आमच्या घरात त्याशिवाय दुसरं आहे काय? मीच आणून भरलंय. पोटच त्यावर आहे — लाकूड नसलेलं लाकूड, दगड नसलेला दगड. दुकानात नमुन्याच्या पाट्या चिकटवतो आणि गिऱ्हाइकाला म्हणतो, "हात लावून बघा, अगदी खरं वाटतं!"

तर ही एक खोली खरीखुरी करायची. मातीची भिंत, दगड, उघडं लाकूड, जाडं सुती कापड. तिला मागचं दार आहे, त्यामुळे पुढच्या खोल्यांत पाय टाकायला नको. पुढचं पुढे बघू.

हिला फोनवर सांगितलं. "येऊन बघते. पण परत श्वास अडकला तर मी इथंच राहणार, आत्ताच सांगून ठेवते. दर वेळी मरून बघायचं नाही मला." मागून मेहुणी ओरडली, "दाजी, मातीत खेळायचं वय आहे का हे?"

६ फेब्रुवारी
मातीकाम करणाऱ्या मावशी आल्या. भिंतीवर टिचकी मारली. "घाई आहे का?"
"आहे."
"मग रंग लावा."

तरी थांबल्या. भिंतीवर तळहाताएवढे सहा ठिपके लावून दिले — तीच माती, तोच चिरलेला पेंढा, फक्त वाळू कमी-जास्त. दुकानात नमुना म्हणजे नंबर, शंभर पाट्या घेतल्या तर शंभर सारख्या. इथं प्रत्येकाचं वेगळंच चाललंय! दर तासाला जाऊन बघतो.

७ फेब्रुवारी
पहिला ठिपका तडकला. तिसरा हाताला पावडर सोडतो. पाचवा छान. मावशींना विचारलं, पाचव्यात वाळू नक्की किती? "पाचव्यात घातली तेवढी."

९ फेब्रुवारी
फळ्या आणि पलंगासाठी सुतार आला. आम्ही त्याला काटकोन म्हणतो, कारण चहाचा कप ठेवतानासुद्धा टेबलाच्या कडेला समांतर ठेवतो. सांगितलं, गोंद नको, पॉलिश नको. त्याने पेन्सिल कानावरून काढली, परत कानावर ठेवली. "गोंद नको? मग फळ्या काय विनंती करून जोडू?"

शेवटी लाकडी खुंट्या ठोकायच्या ठरल्या. पण पॉलिशवरून अजून धुसफूस चालूच आहे. "उघडं ठेवलं तर लोक म्हणतील, अर्धवट टाकून पळाला."

रंध्यातून पडलेली एक ढलपी खिशात ठेवलीय. वास गोडसर. सत्तावीस वर्षं लाकडाच्या धंद्यात आणि हा वास माहीतच नव्हता!

१२ फेब्रुवारी
भिंत लावून झाली. ओली असताना चॉकलेटी दिसते. वाळेल तशी फिकट होईल म्हणतात.

१४ फेब्रुवारी
घोळ केला.

खालचा कोपरा वाळत नव्हता म्हणून काल दोन पंखे लावले. दुकानात पाट्या अशाच वाळवतो. सकाळी बघतो तर भिंतभर भेगा!

मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "कपडे वाळत घातले होते का?" मग समजावलं — वरचं घाईने वाळून आखडलं, आतलं ओलंच, म्हणून फाटलं. "तिला तिच्या वेळेनं वाळू द्या. तुम्ही तेवढं गप्प बसा." गप्प कसला बसतोय! दिवसभर मी पाणी मारत होतो, त्या घासत होत्या. भेगा मिटल्या. वाळायला आता चार दिवस जास्त लागणार मात्र.

१९ फेब्रुवारी
भिंत उगवली!! खिडकीखाली एक हिरवी काडी, नखाएवढी. पेंढ्यात दाणा राहिला असणार. मावशी म्हणाल्या, होतं असं, वाळली की आपोआप जाईल. काटकोन मापपट्टी घेऊन आला. "साहेब, सरळ उगवलीय हो!" त्याच्या तोंडून याहून मोठी स्तुती नाही.

हिला फोन केला. "घर बांधताय की शेती करताय?" म्हणाली. हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा. हसल्यावर खोकली नाही, हेही ऐकलं मी.

२१ फेब्रुवारी
काडी वाळली.

२३ फेब्रुवारी
फळी बसली. एका जागी गाठ आहे, एका जागी रंग गडद. अशी पाटी दुकानात आली असती तर मीच परत पाठवली असती. काटकोन जाताना दारातून तीनदा वळून बघत होता. "एक हात मारू का पॉलिशचा? पातळ?" त्याला हाताला धरून फाटकापर्यंत सोडून आलो.

२६ फेब्रुवारी
भिंतीवर बोटाच्या पेराने वाजवून बघितलं. ओली असताना धप्प वाजायची, आता कोरडी टकटक. सगळीकडे एकच आवाज, कोपऱ्यातही. भिंत हुंगली. फळी हुंगली. फरशीवर पालथा पडून फरशीही हुंगली. काही नाही. उद्या येतेय.

२७ फेब्रुवारी
आली. मागच्या दाराने, एक लहान पिशवी घेऊन. पिशवी हातातच. मेहुणी दारात, रिक्षा थांबवूनच ठेवलेली.

ही खोलीच्या मध्यावर उभी राहून श्वास घेत होती. मी मोजत होतो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग भिंतीवरून हात फिरवला. "खरबरीत आहे." "गुळगुळीत करता येते," मी घाईघाईने. "नको," म्हणाली, आणि पिशवी खाली ठेवली. मेहुणी म्हणाली, "दाजी, तुमच्यासाठी नाही, मातीसाठी सोडून चाललेय हिला." रिक्षा गेली!

१ मार्च, रविवार
दोन दिवस झाले. एकदाही शिट्टी नाही. आज बहिणीला फोन करून म्हणाली, माझे बाकीचे कपडे पाठवून दे. मी शेजारीच होतो. वर्तमानपत्र उलटं धरलं होतं म्हणे.

उद्यापासून दुकान.

२ मार्च
दिवसभर पाट्या चिकटवल्या. संध्याकाळी तडक तिच्या खोलीत. खिडकीपाशी वाचत होती, मजेत. शेजारी बसलो. दोन मिनिटांत खोकला. मग शिट्टी. मी उठून भिंत बघतोय, फळी बघतोय, पडदा हुंगतोय — कुठून आलं, कुठून? तिने हात वर करून मला थांबवलं. बोलायला वेळ लागला.

"भिंत नाही हो. तुम्ही. शर्ट, केस, सगळं."

बाहेरच्या पायरीवर बसून लिहितोय. आत आता शांत आहे. उद्या मालकांना काय सांगायचं ते सुचलेलं नाही. दुकानात जाणार नाही, एवढंच ठरलंय.