आईचा होकार

पिरिबेबुय, ३ मार्च २०२४

प्रिय सुनिल्दाताईस,
डेर्लिसचा सा. न. वि. वि.

फोनवर आई शेजारीच असते, म्हणून हे पत्र बसच्या ड्रायव्हरकाकांबरोबर धाडतो आहे. तुझ्या बाळंतपणाला बुएनोस आयरेसला यायला तिने होकार दिला खरा, पण ताई, तिला बोलावू नकोस. गेल्या वर्षी तिला चिकनगुन्या झाला. ताप गेला, दुखणं राहिलं. सकाळी तिच्या मुठी मिटत नाहीत. वेणी मी घालतो, बटणं डोळे मिटून लावतो. एखाद्या दिवशी बरं वाटलं की सगळं घर धुऊन काढते, आणि मग दोन दिवस तिला उशीही उचलवत नाही. तुझा रविवारचा फोन यायच्या आधी गोळी घेते, म्हणून हसते. तिच्या हातून बाळ पडलं तर? हे तुला कळवायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली आहे.

माया आहेच, रागावलीस तरी ती आटू देऊ नकोस.
तुझा डेर्लिस

बुएनोस आयरेस, १४ मार्च

चि. डेर्लिस यास अनेक आशीर्वाद.

पत्रात एक चूक नाही, डोक्यात मात्र नुसती भुतं! लहानपणी कोंबडीलाही भ्यायचास. तापानंतरच्या तपासण्यांत काही निघालं नाही, असं तूच कळवलं होतंस ना? की आई इकडे आल्यावर कसाव्याचे कंद कोण सोलणार, ही चिंता? मला इथे कोण आहे रे? नवरा पहाटेच बांधकामावर जातो. आई तर म्हणाली, ईस्टरआधीच्या पवित्र बुधवारच्या चिपा-पावाचं पीठ दरवर्षीसारखं मीच मळणार. ते घट्ट पीठ मळवतं, मग तीन किलोचं बाळ उचलवणार नाही?

लोभ असू दे, भीती कमी कर.
तुझी ताई

पिरिबेबुय, २८ मार्च

प्रिय ताईस सा. न. वि. वि.

काल चिपा झाली. घरच्या बाईनेच मळायची, दुसरा हात लागला की बिघडते, हे तू जाणतेसच. आईने कसाव्याचं पीठ, चीज, चरबी, अंडी परातीत घेतली, कोपराने दाबून पाहिलं, आणि मला दार लावून घ्यायला सांगितलं. मीच मळलं. ती शेजारी बसून ओरडत होती, की पीठ आहे ते, मयत नाही, जोर लाव मेल्या.

दुपारी शेजारच्या पोर्फिरियाकाकू आपल्या घरच्या चिपा घेऊन आल्या. आमची चाखून म्हणाल्या, एलादियाबाई, तुझ्या हाताची चव काही जात नाही हो. आईने आपले हात काकूंपुढे धरले. मग म्हणाली, हात डेर्लिसचे आहेत, माझे गेले. काकूंनी आधी चिपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि दुसरी उचलली.

ताई, दुखण्यापेक्षा ते लपवूनच ती जास्त दमली होती. रात्री तिला गाढ झोप लागली.

आज तिनेच मला लिहायला बसवलं. ती येणार आहे. पण बाळ उचलणार नाही, हे तिने स्वतः कळवायला सांगितलं. उचलायला मी बरोबर यायचं आहे. मला बाळ धरता येत नाही, असं म्हटलं तर म्हणते, चिपा तरी कुठे मळता येत होती? मी आहे शेजारी ओरडायला.

दोघांवर लोभ ठेव, आणि एक गादी जास्त घाल.
तुझा डेर्लिस